तिथी एक, सूर्योदय अनेक

परदेशी राहणाऱ्या वारकरी मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "एकादशी कोणत्या दिवशी धरावयाची? पंढरपुरात असेल त्या तारखेस, की आमच्या गावच्या सूर्योदयाप्रमाणे येईल त्या दिवशी?" प्रश्न दिसावयास लहान आहे. "कोणत्याही दिवशी धर बाबा, भाव खरा असला म्हणजे झाले," असे म्हणून पुष्कळ जण तो वाटेला लावतात. परंतु हे उत्तर प्रेमाचे असले तरी पुरेसे नाही. ज्याने नेमाने वारी केली, गळ्यात माळ घातली, त्याला नेम म्हणजे काय हे विचारण्याचा अधिकार आहे. शिवाय या प्रश्नाच्या पोटी आणखी एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दोन दूरच्या गावांतील माणसांनी एकच गोष्ट 'एकाच वेळी' केली, असे केव्हा म्हणावयाचे? याचा विचार आम्ही येथे यथामती करणार आहोत.

विचाराला काही आधार हवा, म्हणून दोन गावे डोळ्यांपुढे घेऊ. एक आपले पंढरपूर. दुसरे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को. संगणकाच्या व्यवसायानिमित्त त्या भागात मराठी कुटुंबे बरीच स्थायिक झाली आहेत. अभंग म्हणणारे तेथे आहेत, एकादशी करणारेही आहेत. आषाढात पंढरीस काकडआरतीच्या सुमारास पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, तेव्हा त्या गावी आदल्या दिवशीचे दुपारचे चार वाजलेले असतात. येथे देवाला जागे करण्याची वेळ, आणि तेथे मुले शाळेतून घरी येण्याची. येथे एक तारीख, तेथे दुसरी. मग या दोघांची एकादशी एक म्हणावी कशी?

प्रथम हा फरक येतो कोठून ते पाहू. पृथ्वी एका अहोरात्रात स्वतःभोवती एक फेरा घेते. फेऱ्याचे अंश ३६० आणि अहोरात्राच्या घटका ६०. म्हणजे एका घटकेत, आजच्या भाषेत २४ मिनिटांत, ती सहा अंश फिरते. एका अंशाला चार मिनिटे. पूर्वेकडच्या गावाला सूर्य आधी दिसतो, पश्चिमेकडच्याला मागाहून. हे ज्ञान आपल्याला परक्यांनी शिकवले असे मात्र कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला. त्याच्या गोलाध्यायात त्यांनी विषुववृत्तावर चार नगरे कल्पिली आहेत. लंकेस सूर्योदय होतो तेव्हा यमकोटीस मध्यान्ह असते, सिद्धपुरास सूर्यास्त आणि रोमकास मध्यरात्र असते, असे ते सांगतात. तेथेच त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. पृथ्वीच्या पाठीवर जो जेथे उभा असतो, तो पृथ्वी आपल्या पायांखाली आहे आणि आपण वर आहोत असेच समजतो. आपल्याला वाटते की पलीकडची माणसे उलटी टांगलेली असतील, पण ती आपल्याइतकीच स्वस्थ असतात. सज्जनहो, हा विषय गणिताचा आहे खरा, पण यात अहंकारावर केवढे औषध आहे पाहा! 'माझी पहाट हीच खरी पहाट' असे प्रत्येकालाच वाटते. ज्याला हे वाटणे ओळखता आले, तो निम्मा शहाणा झाला.

आता घड्याळाकडे वळू. पुष्कळ लोक सूर्य आणि घड्याळ एकच समजतात. तसे ते नाही. आपल्या देशात सर्वत्र जी वेळ चालते, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. १ जानेवारी १९०६ पासून ती लागू झाली. पंढरपूर या रेषेच्या पश्चिमेस सात अंशांहून थोडे अधिक आहे. त्यामुळे आपल्या मनगटावर बारा वाजतात तेव्हा पंढरीचा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. त्याला सरासरीने आणखी २९ मिनिटे लागतात. द्वारका आणि जगन्नाथपुरी ही दोन्ही आपलीच धामे. दोन्हीकडे घड्याळ एकच वेळ दाखवते, पण सूर्य पुरीस द्वारकेपेक्षा सुमारे एक तास सात मिनिटे आधी माथ्यावर येतो. मुंबई शहराने तर ही नवी वेळ लवकर मानलीच नाही. तिची जुनी वेळ ३९ मिनिटे मागे होती, आणि १९५५ पर्यंत ती शहरात टिकून राहिली. गाडी स्टँडर्ड वेळेने सुटावयाची, आणि कितीएक कामे मुंबईच्या वेळेने चालावयाची. एकाच माणसाला दोन वेळा सांभाळाव्या लागत.

दूरच्या गावांत तर आणखी मौज आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे अनेक देशांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ग्रीनिच हे मूळ रेखावृत्त ठरवले. पंढरपूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांतील अंतर मोजले, तर सूर्याच्या हिशेबाने फरक सुमारे १३ तास ११ मिनिटांचा निघतो. पण घड्याळे काय म्हणतात? हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. कारण तेथले लोक मार्चमध्ये घड्याळाचा काटा एक तास पुढे सारतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे आणतात. त्यांनी काटा सारला म्हणून सूर्याने कधी घाई केली नाही, की तो कधी रेंगाळला नाही.

यावरून तीन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. पहिली तिथी. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते व दुसरी लागते. ही आकाशातली घटना. एकादशी लागते तो क्षण सगळ्या पृथ्वीला एकच असतो. पंढरीस एक आणि अमेरिकेत दुसरी, अशा दोन एकादश्या आकाशात नाहीत. दुसरी गोष्ट सूर्योदय. तो स्थानापरत्वे निराळा असतो, ज्याचा त्याचा. तिसरी गोष्ट घड्याळ. ती माणसांची आपापसांतली बोली आहे, एकमेकांना दिलेला शब्द आहे. तिथी ईश्वराची, सूर्योदय भूमीचा आणि घड्याळ समाजाचे. या तिघांचा घोटाळा केला की सगळे वाद सुरू होतात.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. आपल्या शास्त्रकारांनी व्रताचा दिवस ठरवताना तिथी आणि सूर्योदय यांची सांगड घातली. सूर्योदयी जी तिथी असेल ती त्या दिवसाची धरावयाची. त्यातही आपण वारकरी भागवत एकादशी धरतो. सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे अरुणोदयी, दशमीचा वेध नसावा हे आपण पाहतो. म्हणजे आकाशातली एक घटना आणि आपल्या दारातली एक घटना जुळली, तेव्हा व्रत उभे राहते.

प्रत्यक्ष उदाहरण घ्या. २०२२ साली पंढरपुरात आषाढी १० जुलैला झाली. त्या वर्षी एकादशी लागली ९ तारखेच्या सायंकाळी पावणेपाचच्या सुमारास, आणि संपली १० तारखेच्या दुपारी सव्वादोनच्या सुमारास. पंढरीला या अवधीत सूर्योदय एकच आला, तो १० तारखेचा. हाच अवधी सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात बसवून पाहा. एकादशी लागली ती तेथे ९ तारखेच्या पहाटे चारनंतर, आणि त्याच रात्री पावणेदोनच्या सुमारास संपली. तेथे सूर्य उगवतो सहाच्या आत-बाहेर. म्हणजे एकादशी असलेला सूर्योदय तेथेही एकच, पण तो ९ तारखेचा! घड्याळात जे गाव साडेबारा तास मागे, ते व्रतात पंढरीच्याही साडेअकरा तास पुढे निघाले. वाचकाला हे प्रथम चमत्कारिक वाटेल. कागद घेऊन एकदा मांडणी केली की संशय राहात नाही.

यावर कोणी भाविक म्हणेल, "महाराज, तुमचे गणित राहू द्या. पंढरी हे आमचे माहेर. माहेरी जो सण, तोच आमचा सण. आम्ही पंढरीचाच दिवस धरू." या म्हणण्यातले प्रेम आम्हांस शिरसावंद्य आहे. पण विचार करा. पंढरीला १० तारखेचा सूर्य उगवला तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत ९ तारखेच्या संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. पंढरीचा दिवस खरोखर धरावयाचा, तर संध्याकाळी साडेपाचला उपवास सुरू केला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला तो सोडला पाहिजे. पंढरीची रात्र म्हणून जागर करावयाचा तो भरदिवसा. असे कोणी करते काय? कोणीच करीत नाही. होते ते असे की, पंढरीची छापील तारीख घ्यावयाची आणि तिला आपल्या गावचा सूर्योदय जोडावयाचा. त्या वर्षी ज्यांनी तेथे १० तारखेस उपवास धरला असेल, त्यांच्या दारात सूर्य उगवला तेव्हा द्वादशी लागून चार तास झाले होते. म्हणजे पारण्याच्या दिवशी उपवास घडला, आणि खऱ्या एकादशीला दोन वेळचे जेवण झाले. हा पंढरीचा दिवसही नव्हे आणि आपल्या गावचाही नव्हे. अर्धे इकडचे अर्धे तिकडचे घेऊन केलेले ते गाठोडे आहे. पंचांग उघडून पाहिले तर सूर्योदय कोणत्या गावचा दिला आहे ते त्यात लिहिलेले असते. पंचांगकर्ता प्रामाणिकपणे सांगतो की हे अमुक गावाचे आहे; दुसऱ्या गावाने देशांतराचा संस्कार करून घ्यावा. आपणच ते पान उलटून पुढे जातो.

दुसरा एक पक्ष याच्या अगदी उलट आहे. तो म्हणतो, "घड्याळ माणसाने केले, तारीख माणसाने केली. तेव्हा एकादशी तरी काय? एक आकडाच. रविवारी सवड असते, रविवारी करू." हा पक्ष शिकलेल्या तरुणांत फार आढळतो. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, बाबांनो, घड्याळ माणसाने केले हे खरे. पण चंद्र माणसाने केलेला नाही. व्रताचे सामर्थ्य यातच आहे की ते आपल्या सवडीने येत नाही. जे आपल्या सोयीने येते ती सुट्टी. जे आपली सोय बाजूस सारावयास लावते ते व्रत. मात्र उत्सव आणि व्रत यांत भेद करावा. दूर गावी दहा कोसांवर विखुरलेली मंडळी रविवारी एकत्र जमून भजन-कीर्तन करीत असतील, तर ती मोठ्या कौतुकाची गोष्ट आहे. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. उत्सव चार माणसांच्या सवडीने करावा. व्रत आकाशाच्या सवडीने करावे.

आता तिसरा आणि सर्वांत मर्मी लागणारा आक्षेप. "प्रत्येकाने आपापल्या सूर्योदयाने एकादशी धरली, तर सगळ्यांनी मिळून करण्यात जी गोडी आहे ती गेली. वारी म्हणजे एकत्र चालणे. मग आम्ही दूरचे लोक एकटे पडलो की नाही?" हा आक्षेप डोक्यातून आलेला नाही, काळजातून आलेला आहे. म्हणून त्याला उत्तरही वारीतूनच दिले पाहिजे.

पालख्या कशा निघतात ते आठवा. तुकोबारायांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीस. मुक्ताबाईंची पालखी दूर मुक्ताईनगरची. ती याच्या कितीतरी आधी वाटेला लागते. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच घटकेला प्रस्थान ठेवावे असे कोणी म्हणाले, तर भेट होईल काय? जो जेथे आहे तेथून, आपल्या अंतराच्या हिशेबाने निघतो, म्हणूनच वाखरीला सगळे भेटतात. निघण्याच्या वेळा वेगळ्या आहेत म्हणून भेट चुकत नाही. वेगळ्या आहेत म्हणूनच ती साधते. आणखी जवळचे पाहा. पंढरीत आषाढीला दर्शनबारीत माणसे तासन्‌तास उभी असतात. पुढच्याला पहाटे दर्शन होते, मागच्याला रात्री. पुढच्याची आषाढी आणि मागच्याची आषाढी वेगळी, असे आजवर कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. बारी एक, देव एक, प्रत्येकाची पायरी मात्र आपली आपली. पृथ्वीच्या पाठीवर सूर्योदयाची अशीच बारी लागलेली आहे. ज्याचा नंबर येईल त्याने माथा टेकावा.

म्हणून आमचे मत असे की, एकत्वाला एक घटका लागत नाही, एक नेम लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या वारकऱ्याने आपल्या सूर्योदयाने एकादशी धरली, तर तो पंढरीपासून दूर गेला असे होत नाही. पंढरीचा माणूस जे करतो नेमके तेच त्याने केले. पंढरीचा माणूस तरी दुसरे काय करतो? तोही आपल्या डोक्यावरचा सूर्य पाहूनच व्रत धरतो.

येथवर स्वतःच्या नेमाची गोष्ट झाली. परंतु वेळेच्या अंतराला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती अधिक अवघड आहे. दोन गावांमधले अंतर भरून काढावयाचे, तर त्याचा भार कोणी वाहावयाचा? अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्र. पुण्या-मुंबईकडचे पुष्कळ तरुण त्या दिवसाची नोकरी आपल्या रात्रीत करतात. सूर्य मावळताना, घरात हरिपाठ म्हणण्याच्या वेळी, हे कामावर निघतात, आणि काकड्याच्या वेळी परत येऊन झोपतात. पोटासाठी करावे लागते. त्यात त्यांचा दोष नाही. पण हे ध्यानात घ्यावे की अशा सौद्यात रात्र बहुधा त्याचीच जाते, ज्याला नोकरीची गरज अधिक आहे. ज्याची गरज कमी, तो आपल्या दिवसा काम करतो. घड्याळ ही समाजाची बोली आहे असे आम्ही वर म्हटले. बोली करताना एकाचाच शब्द चालत असेल, तर ती बोली न्यायाची नव्हे. ज्यांच्या हाती ठरवणे आहे त्यांनी भेटीगाठींच्या वेळा आळीपाळीने दोन्हीकडच्या सोयीने ठेवाव्यात, एवढे तरी त्यांच्याकडून व्हावे. आणि अशा तरुणाने हरिपाठ केव्हा म्हणावा, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर सोपे आहे. त्याने कामावर निघण्यापूर्वी म्हणावा, नाहीतर वाटेत म्हणावा. नित्यनेमाला त्याच्या दिवसात एक ठरलेली जागा असावी, आणि ती त्याने मोडू नये. नाम घेण्यास काळवेळ लागत नाही असे आपण ऐकत आलो. पण त्याचा अर्थ 'केव्हातरी घेऊ' असा नव्हे.

घरोघरीही हाच प्रकार लहान प्रमाणात चालतो. मुलगा परगावी, आई इकडे. आई रात्री दोन वाजेपर्यंत फोनची वाट पाहात जागते, कारण तेव्हा तिकडे दुपारी जेवणाची सुट्टी असते. किंवा इकडून सकाळी आठवण झाली म्हणून कोणी फोन लावतो, आणि तिकडे दिवसभर राबलेला माणूस नुकताच झोपी गेलेला असतो. कोणी कोणावर रागावलेले नसते. प्रत्येक जण आपल्याच पहाटेला खरी पहाट समजत असतो, एवढेच. भूतदया म्हणजे मुंगीला साखर घालणे, इतकाच अर्थ आम्ही घेत नाही. फोन लावण्यापूर्वी 'आता त्यांच्याकडे किती वाजले असतील?' एवढा विचार मनात आणणे हीदेखील भूतदयाच आहे. दुसऱ्याच्या डोक्यावरचा सूर्य मनाने पाहता येणे, ही परमार्थातली लहानसहान कमाई नव्हे.

तात्पर्य, दूरच्या वारकऱ्याने आपल्या गावच्या सूर्योदयाचे पंचांग मिळवावे. आज ते मिळणे कठीण राहिलेले नाही. अरुणोदयाच्या चार घटका आपल्या सूर्योदयावरून मोजाव्या. तारीख पंढरीशी जुळली तर आनंद मानावा, न जुळली तर खंत करू नये. दुसऱ्याच्या सूर्यावर आपले व्रत ढकलू नये, आणि आपल्या घड्याळासाठी दुसऱ्याची झोप मोडू नये.

राहता राहिली एक शंका. "आम्ही ज्या वेळी तेथे हात जोडू, त्या वेळी पंढरीस मध्यरात्र असेल. देव निजलेला असेल, मग आमचे ऐकणार कोण?" ही शंका भोळी खरी, पण तिचे समाधान पंढरीच्या रिवाजातच आहे. आषाढीच्या यात्रेत विठुरायाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती बंद होते. रात्रंदिवस दर्शन चालू असते. यात्रा आटोपून प्रक्षाळपूजा होईपर्यंत देव पाठ टेकीत नाही. बारीतल्या शेवटच्या माणसासाठी तो उभा असतो. ती बारी नामदेव पायरीजवळ सुरू होऊन गावाबाहेर संपते, असे आपण समजतो. पृथ्वी गोल आहे हे कळल्यावर तिचे शेवटचे टोक कोठे असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रामकृष्णहरी.